फुलपुडीसोबतचा पेपर

कुंदन मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता आणि तोंडात टूथब्रश होता. प्रेमकथेतल्या नायिका अशा अवतारात कुणाला भेटत नाहीत, मला ठाऊक आहे. त्या खिडकीत वगैरे उभ्या असतात. पण २००४च्या डिसेंबरात, सकाळी साडेसहाला, इंदिरानगरात खिडकी उघडायची हिंमत कुणाची होती? आमच्या नाशिकची थंडी अशी, की दात घासावे लागत नाहीत, आपोआप एकमेकांवर घासले जातात.

दाराची कडी खडखडली. पुतळाबाई फुलपुडी घेऊन आल्या असणार म्हणून मी दार उघडलं. त्या रोज सकाळी गल्लीतल्या घराघरांच्या कडीला पूजेच्या फुलांची पुडी अडकवून जायच्या, पानात गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली. पण समोर पुतळाबाई नव्हत्या. एक उंच, सावळा तरुण वाकून कडीशी झटापट करत होता. तो दचकून ताठ झाला, आणि दारावरच्या पितळी घंटेवर त्याचं डोकं आपटलं. टण्ण!

"कोण देवळात आलंय गं?" आतून आईनं विचारलं.

मी हसले. तोंडात ब्रश असताना हसू नये, हे मला त्या दिवशी कळलं.

"पुतळाबाई कुठंयत?" तोंड पुसून मी शक्य तेवढ्या रुबाबात विचारलं.

"तापानं पडल्यात. त्यांच्या लायनीला आज मी." त्यानं पुडी पुढं केली, आणि तिच्यावर चार घड्या घातलेला एक पेपर. "हा पण घ्या."

"आमच्याकडे पेपर येतो."

"हा फुकट हाय."

"फुकटचं आम्ही घेत नाही."

त्याच्या कपाळावर टेंगूळ यायला लागलं होतं, आणि त्याखाली डोळे मात्र हसत होते. "मग वाचून परत द्या," तो म्हणाला. "उद्या ह्याच टायमाला येतो."

दुसऱ्या दिवशी मी पावणेसहालाच उठले. केस विंचरले, पावडर लावली. आई म्हणाली, "पूजेला बसतेयस की बोहल्यावर चढतेयस?" मी दाराआड उभी राहून त्याची वाट पाहिली, आणि कडी वाजल्याबरोबर, जणू सहजच, दार उघडलं.

"घ्या तुमचा पेपर. यात वाचण्यासारखं काही नाही. नुसत्या जाहिराती."

"हो ना," तो लगेच म्हणाला. "मी पण सरांना हेच सांगतो. मग तुम्ही लिहा की काहीतरी."

"मी?"

"का? लिहिता येत नाय?"

असं कुणी म्हटलं की मी पेटते, हे त्याला पहिल्या दोन दिवसांतच कसं कळलं, देव जाणे!

पेपरचं नाव होतं 'शेजार'. विश्वेश सरांनी तो नुकताच काढला होता. चार पानं, रोज, दारात, विनामूल्य. ऑफिस नाशिक रोडला स्टेशनसमोरच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या डोक्यावर. गिरणी सुरू झाली की सगळं ऑफिस थरथरायचं, आणि दुपारी चारपर्यंत आमच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. मी तिथं नोकरीला लागले तेव्हा बाबांनी, म्हणजे ढुंढिराजांनी, डोक्याला हात लावला. ते नोटांच्या छापखान्यात होते. म्हणाले, "आमच्याकडे छापतात ते कुणी फुकट वाटलेलं ऐकलंयस कधी?"

"बाबा, तुमचं छापलेलं लोक वाचत नाहीत. आमचं वाचतात."

ते हसले. हसले तरी रोज सकाळी पहिला 'शेजार'च उघडायचे.

आणि खरंच वाचायचे हो लोक! त्याचं श्रेय कुंदनचं. त्याचं घर मखमलाबादकडचं, झेंडूचं आणि शेवंतीचं शेत. त्याची आई नवसाबाई पहाटे फुलबाजारात बसायची, आणि पुतळाबाईंसारख्या दीडदोनशे बायका तिच्याकडून फुलं घेऊन शहरभर पुड्या टाकायला जायच्या. विश्वेश सर आधी स्टेशनवर पेपर वाटत होते, आणि लोक त्यावर वडापाव खात होते. कुंदन नुकता बी.कॉम. झालेला, सरळ जाऊन त्यांना म्हणाला, "सर, पेपर टाकायला वेगळी माणसं कशाला? ज्या दाराला पुडी अडकते, त्याच दाराला पेपर अडकंल." सरांनी त्याला त्याच दिवशी वितरण प्रमुख केलं. बायकांना दर पेपरामागं थोडं मिळायला लागलं, आणि 'शेजार'ला झेंडूचा वास यायला लागला.

माझं सदर होतं 'शेजारपाजार'. लोकांच्या छोट्या सूचना, फुकट छापायच्या. कुणाचा पोपट उडाला, कुणाला हार्मोनियम शिकायची आहे, कुणाकडे केळवणाला मोठं पातेलं हवंय. लोक चिठ्ठ्या लिहून फुलवाल्या बायकांच्या टोपलीत टाकायचे, आणि दुपारी बाराला कुंदन ती चिठ्ठ्यांची पिशवी माझ्या टेबलावर रिकामी करायचा. पाकळ्या, देठं आणि माणसांची अक्षरं... सगळं एकत्र. मी पाकळ्या बाजूला करायची आणि तो उगीचच तिथं रेंगाळायचा.

एका दुपारी एक चिठ्ठी निघाली: 'हरवली आहे. एका वितरण प्रमुखाची झोप. आणून देणाऱ्यास योग्य ते बक्षीस.'

मी मान वर केली नाही. लाल पेनानं खाली लिहिलं: 'छापता येणार नाही. कुठे हरवली ते दिलेलं नाही.' आणि चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी परत आली. खाली आमच्या घराचा पूर्ण पत्ता, मजला, पिनकोडसकट. आणि कंसात, 'पितळी घंटेखाली.'

खाली गिरणी धडधडत होती. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

"काय करायचं मग हिचं?" कुंदननं विचारलं. आवाज अगदी कामाचा.

"ठेवून देते," मी म्हटलं. "... विचाराधीन."

"किती दिवस?"

"संपादकीय निर्णय आहे. घाई करू नये."

तो हसला, आणि जाताना टेबलावरचं पीठ बोटानं पुसून माझ्या नाकाला लावून गेला. अख्खा दिवस मी तोंड धुतलं नाही.

पुढचं दीड वर्ष! काय सांगू? काही घडलं नाही आणि सगळं घडलं. आम्ही कधी सिनेमाला गेलो नाही, कधी एकमेकांना 'ते' तीन शब्दही म्हटले नाहीत. मी म्हणायची, "काल आपला पेपर पंचवटीत एका सलूनमध्येसुद्धा पाहिला!" आणि तो म्हणायचा, "तुझं सदर वाचायलाच दाढ्या वाढवतात लोक." मी फुशारून जायची. अख्खं नाशिक आपल्याला वाचतं, असं मी आईला, बाबांना, रिक्षावाल्यालाही ऐकवायची. कुंदन तेव्हा दुसरीकडे बघायचा. लाजतोय, असं मला वाटायचं. किती मूर्ख होते मी!

२००६च्या गणपतीत मी घरी सांगून टाकलं. आई पाटावरून उठून आत गेली. बाबांनी आधी अडकित्ता खाली ठेवला.

"मुलगा वाईट नाही," ते म्हणाले. "जातीचं मी धरत नाही. तुझी आई धरते, तिचं मी बघेन. पण आभा, फुकट वाटायच्या पेपरावर संसार? तो पेपर आज आहे, उद्या नाही."

"दोन वर्षं चाललाय, बाबा."

"चाललाय ना? मग दिवाळी बघू दे त्याला. पाडव्याला पेपर दारात आला, तर त्याच दिवशी त्या मुलालाही घरी बोलव. आईसकट. मी स्वतः बोलेन."

मी उड्या मारत ऑफिस गाठलं आणि गिरणीच्या आवाजावर ओरडून कुंदनला ते सांगितलं. तो आनंदला, म्हणजे हसला. पण खुर्चीत बसला आणि बराच वेळ बसूनच राहिला.

"दिवाळी ना?" तो म्हणाला. "काढू. कशीही काढू."

दसऱ्याचा अंक आमचा सर्वांत मोठा. त्या वर्षी तर त्यावरच सगळं होतं. शहरातल्या एका फर्निचरच्या शोरूमचे शेठ आमचे मोठे जाहिरातदार. ते अलीकडे कुरकुरत होते, की तुमचे चाळीस हजार पेपर जातात कुठं, गिऱ्हाईक तर येत नाही. दसऱ्याचा अंक पाहू आणि मग दिवाळीचं ठरवू, असं त्यांनी सरांना बजावलं होतं. ते टिकले की बाकीचे टिकणार होते. म्हणजे दिवाळी टिकणार होती. म्हणजे आम्ही टिकणार होतो.

पहिल्या पानाचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं. मी ठरवलं, की नेत्यांचे फोटो नकोत, रावणही नको. फुलबाजार घालायचा. आणि फुलबाजारात नवसाबाई. आपल्या आईचा एवढा मोठा फोटो दसऱ्याला दारोदारी गेलेला बघून कुंदन काय म्हणेल! त्याला यातलं अक्षरही सांगायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी ऑफिसचा कॅमेरा घेऊन मी बाजारात गेले. झेंडूचे ढीगच्या ढीग. पाय ठेवायला जागा नाही. नवसाबाई हार ओवत बसल्या होत्या.

"माझा कशापायी फोटू काढती गं?" त्या खेकसल्या. "पेपरात मेलेल्यांचे फोटू येत्यात. मी हाय अजून!"

"उद्या येतो की नाही बघा."

"आन् वरती काय लिवशील? दुःखद निधन?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या अशा खळखळून हसल्या, की शेजारच्या पुतळाबाईही हसायला लागल्या. तेवढ्यात मी बटण दाबलं.

फोटो फारच सुरेख आला होता. संध्याकाळी मी तो चार कॉलम मोठा लावला. कुंदन वाटपाच्या गडबडीत होता. तो पान बघायला आला तेव्हा मी दोन्ही हातांनी स्क्रीन झाकला.

"दाखव ना."

"उद्या. सकाळी. दारात."

"फुकट?"

"तुला नाही. तुझ्याकडून किंमत घेणार आहे मी."

तो हसत खाली गेला. मी त्याला तेव्हा पान दाखवलं असतं तर... नुसती एक नजर टाकू दिली असती तर! हे वाक्य माझं इतक्या वेळा म्हणून झालंय, की आता त्याचा मलाच कंटाळा येतो.

दसऱ्याच्या सकाळी आई दाराला तोरण लावत होती. फोन वाजला. विश्वेश सर.

"आभा, पहिल्या पानाचा फोटो कुणी निवडला?"

"मीच, सर. छान आलाय ना?"

ते म्हणाले, "त्या बाईंच्या मागं बघ."

मी पेपर उचलला. नवसाबाई हसत होत्या. त्यांच्या मागं, भिंतीला लावून, 'शेजार'चे गठ्ठे होते. एक, दोन... आठ. सुतळीही न सोडलेले. आणि नवव्या गठ्ठ्यातला कोराकरकरीत कागद घेऊन पुतळाबाई त्यात हार गुंडाळत होत्या. कागदावर शोरूमच्या सोफ्याची अख्ख्या पानाची जाहिरात, आदल्या दिवशीच्या तारखेची, स्पष्ट वाचता येत होती.

गठ्ठे मी रोजच बघायची. ऑफिसात, जिन्यात, टेम्पोत. बाजारातही ते डोळ्यांसमोर होते, पण मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. मी फक्त नवसाबाईंचं हसू पाहिलं होतं.

"शेठचा फोन येऊन गेला," सर म्हणाले. "त्यांच्यामागं आणखी चौघांचे."

मी तशीच ऑफिसला गेले. बाबांनी कुंदनला द्यायला आपट्याची पानं दिली होती, ती मुठीत. दसरा म्हणून गिरणी बंद होती. पहिल्यांदाच ते ऑफिस थरथरत नव्हतं. कुंदन माझ्या टेबलाशी पाठमोरा उभा होता. पेपर त्याच्यासमोर होता.

"कुणी चोरले रे गठ्ठे?" मी विचारलं. "आपल्या बायकांनी? की बाजारातल्या कुणी?"

"कुणी नाय चोरले. मी दिले."

"... तू?"

तो वळला. "आभा, चाळीस हजार कधी वाटलेच जात नव्हते गं. एवढी दारंच नायत आपल्याकडे. बाया तरी किती उचलतील? डोक्यावर फुलं, काखेत पेपर. पंचवीसच्या वर कधी गेलाच नाय. सरांना म्हटलं, छपाई कमी करा. ते म्हणाले, आकडा कमी केला तर जाहिरात जाईल. उरलेल्याची तू सोय लाव. रद्दीवाल्याकडे टाकावे तर शेठची माणसं तिथं बघत्यात. मग आईला म्हटलं, घे, हाराला होतील."

"किती दिवस चाललंय हे?"

"वरीस झालं."

वर्ष! मी सलून मोजत होते, रिक्षावाल्यांना ऐकवत होते, तेव्हा याला सगळं ठाऊक होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रोज दुपारी विचारायचीस, आज कुठंकुठं गेला पेपर? तुझं तोंड असं... उजळलेलं असायचं. त्याच्यावर कसं सांगू?"

मला त्याला मारावंसं वाटलं. मला त्याला घट्ट धरावंसंही वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. मुठीतली आपट्याची पानं चुरगळून गेली होती, तीच त्याच्या हातात ठेवली. माझ्यापासून पाऊलभर अंतरावर, जमिनीकडे बघत त्यानं "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," असं दसऱ्याला म्हणतात ते म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विश्वेश सर हातात एक कागद घेऊन आले. दाढी वाढलेली. खुलासा छापायचा होता. 'शेजार'चे काही गठ्ठे परस्पर बाजारात गेल्याचं उघड झालं असून संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून दूर करण्यात आलं आहे.

"सर, तुम्हीच सांगितलं होतं ना त्याला?"

"हो," सर म्हणाले. त्यांनी नजर चुकवली नाही, एवढं मात्र खरं. "पण मी तसं छापलं तर पेपर आज संध्याकाळी बंद. हे छापलं, तर कदाचित दिवाळी निघेल. शेठला दाखवायला काहीतरी पाहिजे, आभा."

कुंदन दाराशी उभा होता. त्यानं कागद घेतला, वाचला, आणि माझ्यापुढं ठेवला.

"ह्यात नाव नाय," तो म्हणाला. "नाव टाक."

"काय?"

"फोटोत पुतळाबाई हाय. आई हाय. नाव नाय टाकलं तर लोक म्हणतील, ह्या बायांनीच चोरले. उद्या कोण कडीला हात लावू देईल त्यांना? दीडदोनशे घरं बसतील. माझं नाव टाक. पूर्ण."

"मी नाही लिहिणार."

"दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाय."

मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीकडे पाहत होते. खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरायला लागलं, आणि मी टाईप केलं: कुंदन खंडेराव विधाते. माझ्याच सदराच्या खाली, हरवले-सापडलेच्या शेजारी, चौकटीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. मी त्यांच्यासमोर बसून सगळं खरं सांगितलं, रडत, अडखळत, पहिल्यापासून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"माझा विश्वास आहे तुझ्यावर," ते म्हणाले. "पण मी एकटा विश्वास ठेवून काय होतं? उद्या तुझे मामा विचारतील, आत्या विचारेल. त्यांना दाखवायला माझ्याकडे काय, हाच छापलेला खुलासा? तीस वर्षं छापखान्यात काढलीत, बाळ. माणूस काय सांगतो ते कुणी बघत नाही. छापलंय काय ते बघतात."

"पण बाबा, पाडव्यापर्यंत पेपर चालला तर..."

त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. आईनं येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मी समजायचं ते समजले.

पेपर चाललाही नाही. शेठ गेले ते गेलेच, मागोमाग बाकीचे. चार पानांची दोन झाली. बायका इमानानं पुडीसोबत ती दोन पानं टाकत राहिल्या, आणि त्यांना कुणी काही बोललं नाही, तेवढं कुंदनच्या मनासारखं झालं. वसुबारसेच्या दोन दिवस आधी विश्वेश सरांनी जिन्यावरची पाटी स्वतः स्टुलावर चढून काढली. माझ्या टेबलावर त्या दिवशीच्या अकरा चिठ्ठ्या होत्या. कुणाचं मांजर हरवलं होतं, कुणाला फराळाची ऑर्डर घ्यायची होती. आता त्या कुठं छापायच्या?

मी मखमलाबादला गेले. कुंदन घरी नव्हता. नवसाबाई ओट्यावर झेंडूचं बी निवडत होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"मला वाचता येत नाय," त्या म्हणाल्या. "बाजारात सगळ्यांनी वाचून दाखवलं. पेपरचोर म्हनत्यात त्याला. ते तू लिवलं?"

"हो."

"त्यानंच सांगितलं म्हनून?"

"हो, मावशी."

"आन् तू ऐकलं."

एवढंच म्हणाल्या. मी उभ्या उभ्या रडले. थोड्या वेळानं त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसले. "नामपूरला चाललाय. त्याचा मामा, कोंडाजी, कांद्याच्या मार्केटात हाय. तितं कुनी हा पेपर पाह्यला नाय. उद्याच्या अकराच्या गाडीनं. जा, भेट त्याला. मी नाय येनार. मला बघवनार नाय."

वसुबारसेच्या सकाळी सीबीएसच्या एसटी स्टँडवर चेंगराचेंगरी होती. दिवाळीला गावी जाणारे, पिशव्या, आकाशकंदील, रडणारी पोरं. कुंदन नामपूरच्या एसटीत खिडकीपाशी बसला होता. मांडीवर एक हँडबॅग. मला बघून तो उठायला लागला, पण मधल्या जागेत माणसं इतकी, की पुन्हा बसावं लागलं. मग मी खालून, तो वरून.

"तुला कुणी सांगितलं?"

"आईंनी."

"बोलली ती तुझ्याशी? बरं झालं."

"कुंदन, मी येते तुझ्याबरोबर. तिकीट काढते, आत्ता."

"चोराबरोबर पळून गेली म्हणतील."

"म्हणू देत."

"तुझ्या बाबांच्या तोंडावर म्हणतील." त्यानं खिडकीच्या गजावर हात ठेवला. "त्यांनी मला घरी बोलवायचं ठरवलं होतं, आभा. माझ्या आईसकट. असा माणूस... त्याला मी हे नाय करणार."

"मग मी दुसऱ्या पेपरात लिहिते. खरं काय ते सगळं. सरांचं नाव घालून."

"खुलाशाचा खुलासा कोण वाचतं?" तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "सर बुडालेच आहेत. त्यांना अजून कशाला बुडवायचं?"

कंडक्टरनं दार ओढलं. मला एकदम भीती वाटली, की जे सांगायला आलेय ते राहूनच जाणार.

"ऐक. तुझं नाव मी बायकांसाठी नाही टाकलं. तुला वाटत असेल, तू सांगितलंस म्हणून टाकलं. तसं नाही. मला वाटलं, तुझं नाव दिलं की शेठ थांबतील, पाडव्याला पेपर येईल... मी आपल्यासाठी टाकलं रे! तुला चोर ठरवून मी तुलाच मागत होते."

"माहीत हाय मला," कुंदन म्हणाला.

"कधीपासून?"

"तू टाईप करत होतीस तेव्हाच. रडत होतीस, पण हात थांबला नाय तुझा." आणि मग, अगदी हळू, "मला त्याचं बरंच वाटलं होतं. एवढा मी हवा होतो कुणाला."

इंजिन सुरू झालं. गाडी मागं सरकायला लागली, आणि मी तिच्याबरोबर चालायला लागले. दोन वर्षांत न म्हटलेलं आता म्हणायचं होतं, आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर!"

"काय?" त्यानं कानाला हात लावला. ऐकू आलं होतं मेल्याला. डोळे सांगत होते ना!

"प्रेम आहे! माझं! तुझ्यावर!" मी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले. हमाल थांबले. एक म्हातारे आजोबा वळून बघायला लागले.

कुंदननं मान बाहेर काढली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तो हसत होता, पहिल्या दिवशी हसला होता तसा.

"माझंही," तो म्हणाला. "पण हे तेवढं कुठं छापू नकोस हां."

गाडी गेटातून वळली. मी धावले असते, पण पुढं माणसांची एवढी गर्दी होती. एक हात खिडकीतून थोडा वेळ दिसला, मग शिवाजी रोडच्या रहदारीत कुठला हात कुणाचा ते कळेना.

मी तिथंच एका खांबाला टेकून रडले. लाजबिज सोडून, लहान मुलासारखं भोकाड पसरून. आता उद्या सकाळी कडी वाजली तरी धावत जाण्यात काही अर्थ नव्हता, परवाही नव्हता, आणि त्यापुढच्या कुठल्याच सकाळी नव्हता. शेजारच्या बाकावरच्या एका बाईनं आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं. त्या नुकत्याच येऊन बसल्या होत्या, मुलाला मांडीवर घेऊन मालेगावच्या गाडीची वाट बघत होत्या.

"नका रडू, ताई," त्या म्हणाल्या. "भाऊबीजेला येईल की परत. भाऊ होता ना?"

"नाही हो," मी म्हटलं. "नवरा व्हायचा होता माझा."